लोणारचे रंग आणि सूक्ष्मजीवांचे रूप

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी वर्षातील बराच काळ हिरवे दिसते, काठाचा ओला गाळ काळा असतो, उन्हाळ्यात पाणी मागे सरले की उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर पांढऱ्या खाराचा थर धरतो आणि क्वचित एखाद्या वर्षी सारे पाणीच गुलाबी होते. या चार रंगांपैकी पांढरा रंग खनिजांचा आहे. उरलेले तिन्ही मुख्यतः अशा सजीवांची करणी आहेत, की ज्यांतील एखादा सुटा जीव नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. सूक्ष्मजीव दिसतात तरी कसे, या प्रश्नाचे उत्तर शालेय पुस्तकातील गोल, दंडाकृती आणि पिळदार आकृत्यांपाशी बहुधा संपते. लोणारच्या काठावर ते तेवढ्यावर संपत नाही, कारण येथे सूक्ष्मजीव दोन अंगांनी दिसतात, समूहाने असताना रंगाच्या रूपात आणि एकेकटे असताना सूक्ष्मदर्शकाखाली आकाराच्या रूपात. आणि या दोन्ही दर्शनांवरून त्यांची ओळख पटवू पाहणाऱ्याची फसगत होऊ शकते, हेही येथेच उघड होते.

सरोवर ज्या विवरात आहे ते दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्ट खडकात, अशनीच्या आघाताने तयार झाले. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे १५० मीटर आहे. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली, पण ते ज्वालामुखीचे की आघाताचे हा वाद पुढे दीर्घकाळ चालला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील खडकांत आघातानेच निर्माण होणारे काचसदृश खनिज सापडल्याचे मांडले गेले, तेव्हा पारडे आघाताच्या बाजूने झुकले. विवराच्या वयाबद्दल मात्र अजून एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे भरते, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने वयापेक्षा विवराचा बंदिस्तपणा अधिक मोलाचा आहे. पावसाचे आणि धारांचे गोडे पाणी या कुंडात येते, पण बाहेर पडायला वाट नसल्याने ते उन्हाने उडून जाते आणि त्यातील क्षार मागे साचत राहतात. हे क्षार निव्वळ मिठाचे नाहीत. त्यांत सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट, म्हणजे घरातील पापडखाराशी आणि खाण्याच्या सोड्याशी नाते सांगणारे पदार्थ, मोठ्या प्रमाणात आहेत. पूर्वी या खाराचे दल्ला, पापडी, भुसकी असे प्रकार ओळखले जात आणि साबण व बांगड्यांच्या धंद्यात त्यांना मागणी असे. द्रवाचा आम्लपणा किंवा अल्कधर्मीपणा मोजणाऱ्या मापाला सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो, लोणारच्या पाण्याचा १० च्या आसपास किंवा त्याहूनही थोडा अधिक भरतो. आणि हे माप दशपटीने वाढणारे असल्यामुळे तीन अंकांचा फरक हजारपटीचा ठरतो. अशा पाण्यात नेहमीच्या तळ्यातील जीवसृष्टीचा निभाव लागत नाही. ज्यांचा लागतो, त्यांना मात्र स्पर्धक थोडे आणि ऊन मुबलक मिळते, म्हणूनच ते पाण्याचा रंग बदलण्याइतके माजतात.

रंग दिसण्यासाठी संख्या किती लागते, याचा अंदाज घेण्याजोगा आहे. बहुतेक जीवाणूंची लांबी एक ते पाच मायक्रोमीटर असते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाडीचा असतो. एका मिलिलिटर पाण्यात, म्हणजे जेमतेम वीस थेंबांत, लाखभर जीवाणू असले तरी ते पाणी डोळ्यांना नितळच वाटते आणि ही संख्या साधारण एक कोटीच्या घरात गेली की त्यात गढूळपणाची पहिली छटा उतरते. त्यामुळे सरोवर हिरवे किंवा गुलाबी दिसू लागते तेव्हा तेथे ते जीव नुकतेच आलेले असतात असे नव्हे. आधीपासून तेथेच असलेल्यांची संख्या दृष्टीचा उंबरठा ओलांडते, एवढेच घडते.

लोणारच्या हिरवेपणाचा मोठा वाटा आर्थ्रोस्पायरा या नील-हरित जीवाणूचा आहे. बाजारात पूरक आहाराच्या गोळ्या आणि भुकटी म्हणून जे 'स्पिरुलिना' मिळते ते याच कुळातील. त्याला शेवाळ म्हणण्याचा प्रघात असला, तरी खऱ्या शेवाळाच्या पेशीत जसे पडद्याने वेढलेले केंद्रक असते तसे याच्या पेशीत नसते, म्हणून त्याची गणना जीवाणूंत होते. काचपट्टीवर सरोवरातील पाण्याचा थेंब ठेवून पाहिले तर पेशींना पेशी जोडून झालेला एक धागा दिसतो आणि तो बॉलपेनातील स्प्रिंगप्रमाणे मोकळ्या वेटोळ्यांत वळलेला असतो. पेशींच्या सीमा दाखवणाऱ्या बारीक आडव्या रेषा त्यावर दिसतात, धागा स्वतःभोवती फिरत हळूहळू सरकतो, आणि त्याचा रंग पानासारखा हिरवा नसून किंचित निळसर असतो, कारण त्यात हरितद्रव्याच्या जोडीला फायकोसायनिन नावाचे निळे रंगद्रव्यही असते. जीवाणूंच्या मानाने हा राक्षसच म्हणावा लागेल, कारण त्याचा धागा मिलिमीटरच्या काही दशांशांपर्यंत लांबू शकतो. परंतु त्याचे वेटोळे ही कायमची खूण मानता येत नाही. प्रयोगशाळेत वाढवताना तेच धागे कधीकधी सरळ होतात आणि पिढ्यानपिढ्या सरळच राहतात, त्यामुळे निव्वळ पिळावरून नाव ठेवणाऱ्या जुन्या वर्गीकरणकारांचा बराच गोंधळ उडाला.

या धाग्यांच्या पेशींत आणखी एक गोष्ट चमकताना दिसते, ती म्हणजे वायुपुटिका. प्रथिनांच्या पातळ भिंतीच्या, आतून पोकळ आणि वायूने भरलेल्या या सूक्ष्म नळ्यांच्या जोरावर धागे वर तरंगतात, आणि वारा वाहील तशी हिरवी साय सरोवराच्या एखाद्या कडेला जमते. त्या पोकळ आहेत हे ओळखण्याची एक रांगडी युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लेबान या जर्मन संशोधकाने वापरली होती. अशा तरंगत्या नील-हरित जीवाणूंनी भरलेली बाटली काठोकाठ भरून बूच लावायचे आणि बुचावर हातोडीचा एक ठोका मारायचा. पाण्यातून गेलेल्या दाबाच्या झटक्याने पुटिका चेपतात, प्रकाश विखुरणारे वायूचे कप्पे नाहीसे होतात, दुधाळ दिसणारे पाणी क्षणात गडद आणि पारदर्शक होते आणि तरंगणारे जीव थोड्या वेळाने तळाशी बसतात. एकही जीव कमी झालेला नसताना त्यांचे दिसणे पार बदलते. सूक्ष्मजीवांच्या रूपाविषयीच्या एवढ्या साध्या आणि तरीही बोलक्या प्रयोगाला पाठ्यपुस्तकांत फारशी जागा मिळत नाही, ही खेदाची बाब आहे.

काठचा काळा गाळ ही गोष्ट निराळी, कारण तेथे रंग जीवांच्या अंगाचा नसून त्यांच्या उद्योगाचा आहे. गाळात प्राणवायू पोहोचत नाही, तेव्हा काही जीवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी सल्फेट वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू सोडतात. बेसाल्टमधील लोहाशी त्याचा संयोग झाला की काळे लोह सल्फाइड बनते. हा गाळ करणारे जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर काळे मुळीच नसतात; बहुतेक बिनरंगाचे दंड किंवा स्वल्पविरामासारखे वाकडे तुकडे, एवढेच काय ते दिसते. त्यांच्या शेजारी मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव राहतात. पुण्यातील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोणारच्या गाळातून असे जीव वेगळे केले होते. साध्या उजेडात ते ओबडधोबड गोल ठिपक्यांसारखे असतात आणि त्यांच्यात पाहण्यासारखे काही नाही असेच वाटते. पण निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा विशिष्ट झोत त्यांच्यावर टाकला की त्यांच्या पेशीतील एक सहविकर निळसर-हिरव्या उजेडाने चमकू लागतो आणि शेजारच्या शेकडो ठिपक्यांतून मिथेनकर्ते तेवढे वेगळे ओळखू येतात. तेथे आकाराने जे सांगितले नसते ते उजेडाने सांगितले जाते.

गुलाबी रंगाने मात्र लोणारकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले. अमेरिकेच्या लँडसॅट ८ उपग्रहाने २५ मे २०२० रोजी टिपलेल्या छायाचित्रात सरोवर हिरवे आहे आणि १० जून रोजी टिपलेल्या छायाचित्रात गुलाबी. लोणासुर नावाच्या दैत्याचा विष्णूने येथे वध केला आणि सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त होय, अशी आख्यायिका या परिसरात पूर्वापार आहे, त्यामुळे लाल झालेल्या पाण्याकडे लोकांनी नुसत्या कुतूहलाने पाहिले नसेल. वन विभागाने पाण्याचे नमुने गोळा केले आणि ते नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे पाठवण्यात आले. पहिला संशय ड्युनालिएला या शेवाळावर होता आणि तो निराधार नव्हता, कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे हे शेवाळ नावाला हिरव्या गटातील असूनही क्षार आणि ऊन वाढले की पेशीत कॅरोटिन साठवून नारिंगी-लाल होते. आघारकर संस्थेच्या तपासणीचा निष्कर्ष वेगळा निघाला: हा रंग हॅलोआर्किया या लवणप्रिय सूक्ष्मजीवांचा होता. नमुन्यातील जीव तळाशी बसल्यावर वरचे पाणी पारदर्शक झाले, म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, तो जीवांच्याच अंगी होता, हेही तेथे दिसून आले. पावसाची कमतरता, कडक ऊन, त्यामुळे वाढलेले बाष्पीभवन आणि त्या वर्षीच्या टाळेबंदीमुळे घटलेला मानवी वावर अशी कारणे संस्थेने मांडली. यांपैकी बाष्पीभवनाला सर्वाधिक वजन द्यावे लागते, कारण जगभरच्या मिठागरांत पाणी आटत जाऊन खारटपणा शिगेला पोहोचला की हाच रंग याच कारणाने चढतो, आणि तेथे टाळेबंदीची गरज पडत नाही. केनियातील मागादी हे लोणारसारखेच सोड्याचे सरोवरही कोरड्या दिवसांत लाल होते.

हॅलोआर्कियांतील लाल रंग मुख्यतः बॅक्टेरिओरुबेरिन या रंगद्रव्याचा असतो. गाजर आणि टोमॅटो यांना रंग देणाऱ्या कॅरोटिनॉइड कुळातीलच ते असून ते पेशीच्या पटलात बसलेले असते आणि प्रखर उन्हाने होणाऱ्या नासाडीपासून पेशीचा बचाव करते. त्यांच्यापैकी काहींत याच्या जोडीला जांभळे प्रथिनही असते. १९७१ मध्ये प्रकाशात आलेले हे प्रथिन उजेडाची ऊर्जा थेट वापरून पेशीतील प्रोटॉन बाहेर ढकलते, आणि अशा रीतीने हरितद्रव्याशिवायही ऊन पोटाला लावण्याची सोय होते. खारवलेल्या मासळीवर आणि मीठ लावून ठेवलेल्या कातड्यांवर कधीकधी जो लालसर चिकट थर धरतो, तो या जीवांचाच. व्यापाऱ्यांना ही खराबी शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

आता या जीवांचे प्रत्यक्ष रूप पाहू जावे, तर सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी शिकवली जाणारी रीत येथे दगा देते. हान्स क्रिस्तियान ग्राम या डॅनिश वैद्याने १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत काचपट्टीवर नमुना सुकवतात, त्याला जांभळा रंग आणि मग आयोडिन देतात, अल्कोहोलने धुतात आणि शेवटी गुलाबी रंग चढवतात. जाड भित्तीचे जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, पातळ भित्तीचे तो सोडतात आणि गुलाबी होतात. जीवाणूंचे ग्राम-धन आणि ग्राम-ऋण असे दोन ढोबळ भाग त्यावरून पडतात. या साऱ्या खटाटोपात काचपट्टी मध्येमध्ये साध्या पाण्याने धुवावी लागते आणि नेमके तेच हॅलोआर्कियांना मानवत नाही. बाहेरच्या खारटपणाशी बरोबरी राखण्यासाठी त्यांनी पेशीच्या आत पोटॅशियमचे क्षार ठासून भरलेले असतात आणि त्यांची पेशीभित्ती बाहेरच्या मिठाच्या आधारानेच एकसंध राहते. मीठ कमी होत गेले की दंडाकृती पेशी आधी फुगून गोल होते आणि गोडे पाणी लागताच फुटून जाते. काचपट्टीवर उरतो तो नुसता रंगाचा ओघळ. म्हणून १९५५ मध्ये द्युसो या संशोधकाने सुचवलेल्या रीतीने नमुना आधी सौम्य अॅसिटिक आम्लाने जागच्या जागी पक्का करतात आणि मग रंगवतात. ज्या पाण्यात बाकीचे बहुतेक जीव मरतात ते यांना जगवते आणि ज्या गोड्या पाण्यावर बाकीचे जगतात ते यांना मारते, त्यामुळे पाहण्याची तयारीही उलटीच करावी लागते.

एवढे करून काचपट्टीवर जे दिसते ते दंडाकृती असते, पण त्या दंडाकृतीवरून ते जीवाणूच आहेत असे मानणे चुकीचे ठरते. वैज्ञानिकांकडूनही ही चूक दीर्घकाळ झाली आणि त्यांच्यापैकी एका प्रजातीचे हॅलोबॅक्टेरियम हे नाव तिचा पुरावा म्हणून आजही टिकून आहे. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि त्यांचे सहकारी जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएची तुलना केली, तेव्हा जीवाणूंसारखेच दिसणारे काही जीव वंशाने जीवाणूंपासून अतिशय दूर असल्याचे आढळले आणि त्यातून आर्किया हा सजीवांचा स्वतंत्र गट पुढे आला. लवणप्रिय जीव आणि मिथेनकर्ते हे दोघेही याच गटातले, म्हणजे लोणारच्या लाल पाण्यातील दंड आणि काळ्या गाळातील गोल ठिपके परस्परांचे भाऊबंद आहेत आणि दिसायला हुबेहूब असणारे शेजारचे जीवाणू परके. आर्कियांच्या आकारांत काही असे आहेत, की ज्यांना जीवाणूंच्या नेहमीच्या यादीत जागाच नाही. अँथनी वॉल्सबी यांनी १९८० मध्ये सिनाई द्वीपकल्पातील खाऱ्या डबक्यात चक्क चौकोनी सूक्ष्मजीव पाहिला. त्याची बाजू दोन ते पाच मायक्रोमीटर आणि जाडी सुमारे ०.२ मायक्रोमीटर, कडा सरळ आणि कोपरे काटकोनाचे, आणि विभाजन होताना चौकोनाचे दोन, दोनाचे चार होत सपाट पत्रा तयार होई. इतका पातळ जीव बाजूने पाहिला तर जवळपास दिसतच नाही. त्याचा पत्ता लागला तो आतल्या वायुपुटिकांच्या चमकेमुळे. तो प्रयोगशाळेत वाढवणे शक्य झाले ते २००४ मध्ये, म्हणजे प्रथम दिसल्यानंतर जवळजवळ पाव शतकाने.

असा चौकोन हे लोणारचे वैशिष्ट्य नव्हे, पण लोणारचा स्वतःचा म्हणावा असा आकार आहे. २०१४ मध्ये लुनाटिमोनास लोनारेन्सिस या नावाने वर्णन झालेला जीवाणू येथील पाण्यातून आणि गाळातून वेगळा करण्यात आला असून तो अर्धचंद्राकृती आहे आणि त्याचा रंग गुलाबीसर नारिंगी आहे. त्याच्या प्रजातीचे नाव आकारावरून आणि जातीचे नाव गावावरून पडले आहे. त्याच्या आधी, २०१२ मध्ये, सेसेम्बिया लोनारेन्सिस हा दंडाकृती जीवाणू नोंदला गेला. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याच्या प्रजातीला नाव मिळाले. सरोवरात ४.६ मीटर खोलीवरून घेतलेल्या पाण्यातून मिळालेला इंडिबॅक्टर अल्कलिफिलस हा २०१० मध्ये नोंदला गेला. हे दोन्ही तांबूस-नारिंगी रंगाचे, आणि दोघांचाही रंग कॅरोटिनॉइडांचाच. याचा अर्थ असा, की लाल छटेचे जीव लोणारमध्ये २०२० च्या बरेच आधीपासून प्रयोगशाळेच्या बशीत दिसत होते, आणि शिवाय ते सारेच आर्किया नव्हते. एकाच रंगाखाली निदान दोन अगदी वेगळे वंश वावरत होते. गुलाबी पाणी पाहून कोणी एकाच जीवाचे नाव घेतले, तर ते बहुसंख्येपुरतेच खरे समजावे.

रोहित पक्ष्यांच्या पिसांतील गुलाबीपणाही अखेर सूक्ष्मजीवांच्या याच कॅरोटिनॉइडांपर्यंत पोहोचतो, कारण हे पक्षी स्वतः कॅरोटिनॉइड बनवू शकत नाहीत. आर्थ्रोस्पायरासारखे सूक्ष्मजीव किंवा ते खाऊन वाढलेले लहान जलचर खाऊन ते मिळवतात. बाहेरून हिरव्या-निळ्या दिसणाऱ्या आर्थ्रोस्पायरातही ही पिवळी-नारिंगी द्रव्ये असतात, फक्त हिरव्याच्या दाटीत ती झाकलेली राहतात.

पाहून ओळखण्याच्या या मर्यादा लक्षात आल्यामुळे आता काम उलट्या टोकाकडून सुरू होते. पाण्यातून किंवा गाळातून सगळ्यांचा मिळून डीएनए काढायचा, त्यातील रायबोसोमशी संबंधित एका जनुकाची वाचने करायची आणि ती ज्ञात जीवांच्या वाचनांशी ताडून पाहायची. या रीतीने २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लोणारच्या अभ्यासात जीवाणूंची आणि आर्कियांची जी विविधता समोर आली, तीत आधी कधीही न वाढवलेल्या जीवांच्या खुणाही होत्या. वंशावळीत त्यांची जागा अंदाजाने सांगता येते. ते गोल आहेत की दंडाकृती, बिनरंगी आहेत की नारिंगी, वायुपुटिकांनी तरंगतात की गाळात रुतून बसतात, हे त्या जनुकावरून सांगता येत नाही. नव्या जीवाणूला रीतसर नाव द्यायचे असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्याचे जिवंत वाण दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवावे लागते आणि त्याच्या वर्णनात आजही पेशीचा आकार, लांबी-रुंदी, हालचाल, ग्राम-रंजनाचा निकाल आणि बशीतील वसाहतीचा रंग यांची नोंद केली जाते. लोणारच्या ज्या जीवांना ही नोंद मिळाली आहे, ते तेथील एकूण वस्तीचा फार थोडा भाग आहेत.